तक्रार नसतानाच तपासून घ्या

मागच्या अंकात मी गर्भाशयमुखाच्या, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल थोडं लिहिलं होतं. हा कॅन्सर होण्याआधी दहा-पंधरा वर्षं तिथे बदल सुरू झालेले असतात, आणि त्या काळात ते हाती लागले तर बाई तर वाचतेच, पिशवीही शाबूत राहते. तरीही २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार झाला आणि जवळपास ८० हजार दगावल्या. त्या मजकुरावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेते आहे. नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे, तेरावं लागलंय. तिच्या डॉक्टरांनी एचपीव्हीची लस द्या म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा पोरीला असल्या रोगाची लस कशाला? ग्रुपवर मेसेज फिरतोय की या लसीने पुढे मूल होत नाही, आणि पूर्वी काही मुली दगावल्याही होत्या. खरं काय समजायचं?
— एक आई, कोथरूड, पुणे

द्या. वय अगदी योग्य आहे.

हा कॅन्सर जवळजवळ नेहमीच एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्याचे पुष्कळ प्रकार आहेत, त्यातले १६ आणि १८ क्रमांकाचे दोन सर्वांत वाईट. जगात दर दहा रुग्णांमागे सातजणींच्या आजाराचं मूळ या दोघांत असतं. विषाणू लागतो शरीरसंबंधातून. लस त्याला आत शिरू देत नाही, पण एकदा शिरलेल्याला ती हुसकावू शकत नाही. म्हणून ती संबंध सुरू होण्याच्या कितीतरी आधी द्यायची. शिवाय नऊ ते चौदा या वयात शरीर लसीला जो प्रतिसाद देतं, तो मोठेपणी तेवढा मिळत नाही. सासूबाईंना एवढंच सांगा, की लस लहानपणी देण्याचं कारण मुलीच्या वागण्यात नाही, तिच्या वयात आहे.

मूल न होण्याची गोष्ट खोटी आहे. या लसीत जिवंत विषाणू नसतो आणि मेलेलाही नसतो. त्याच्या वरच्या कवचातलं एक प्रथिन तेवढं तयार करून वापरतात. ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळेतल्या मुलींना ही लस देतात, आणि त्यातल्या कितीतरी आज आया आहेत. इंग्लंडात ज्यांना बारा-तेराव्या वर्षी लस मिळाली, त्यांच्यात हा कॅन्सर ८७ टक्क्यांनी घटल्याचं २०२१ साली प्रसिद्ध झालं.

मुली दगावल्याची बातमी मात्र हवेतली नाही, तेव्हा ती नीट सांगते. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यात एका प्रकल्पात मुलींना ही लस दिली होती. त्यांतल्या सात मुलींचा पुढे मृत्यू झाला आणि २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत जी कारणं पुढे आली त्यांत बुडणं होतं, सर्पदंश होता, विष पोटात जाणं होतं. लसीशी संबंध आढळला नाही. पण पालकांची संमती रीतसर घेतलेली नव्हती, कित्येक ठिकाणी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्यांवर काम भागवलं होतं. हे गैरच होतं. गरिबाची मुलगी म्हणून तिच्या आईबापांना विचारायचं नाही, ही वृत्ती मला आजही चीड आणते. त्या प्रकारानंतर लोकांचा विश्वास उडाला, आणि त्यात कितीतरी मुलींचं लसीचं वय निघून गेलं.

त्याच गडबडीत देशात चालू असलेला दुसरा एक मोठा अभ्यास अर्धवट थांबला. पुणे आणि बार्शी ही त्यातली दोन केंद्रं. पुष्कळ मुलींना ठरलेले सगळे डोस मिळालेच नाहीत, काहींना एकच मिळाला. त्या मुलींना पुढे दहा वर्षं पाहिलं, तेव्हा एका डोसनेही १६ आणि १८ पासून जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळालेलं दिसलं. २०२२ च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ते वीस वयात एक किंवा दोन डोस पुरेत असं सांगितलं, त्यामागे आपल्या या मुलींचाही वाटा आहे. तुमच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस सुचवले तर दोन द्या.

पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही लस २०२३ पासून मिळते. ती बाजारात आली तेव्हा एका डोसची किंमत २,००० रुपयांच्या आसपास होती. परदेशी लस याहून बरीच महाग पडते. विकत घेण्याआधी जवळच्या सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते का, हे विचारा. मुलीला उपाशीपोटी नेऊ नका, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं तिथेच बसवून ठेवा, कारण या वयाच्या मुलींना सुईच्या धास्तीनेच चक्कर येते. दंड दोन दिवस दुखेल. घरात मुलगा असेल तर त्यालाही ही लस चालते.

आणि हो, लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी चुकत नाही. लस सगळ्या प्रकारांना अडवत नाही.

प्रश्न : माझं वय ३३, एक मूल आहे. मी आता लस घेतली तर उपयोग आहे का?
— डोंबिवली

थोडा आहे, फार नाही. हाताशी खर्चायला पैसे असतील तर ते आधी एचपीव्हीच्या तपासणीवर खर्च करा. लसीचं त्यानंतर डॉक्टरांशी बोलून ठरवा. दिवस गेलेले असतील तर लस घ्यायची नाही.

प्रश्न : मी ऊसतोडीला जाते. वय २९, दोन लेकरं. अंगावर पांढरं जातंय, कंबर लई दुखती. दवाखान्यात सोनोग्राफी केली. पिशवीला सूज हाय, तोंडाला जखम हाय, काढली न्हाई तर पुढं कॅन्सर हुईल म्हणाले. माझ्या जावंची बी काढली. दसऱ्यानंतर टोळी निघंल, त्याच्या आत ऑपरेशन उरकून घ्यावं म्हणते. पैसे उचलीतून कापतील मुकादम. काय करू?
— केज तालुका, जि. बीड (पुतणीने लिहून पाठवलेलं पत्र)

ताई, थांबा. ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर ती रद्द करा. हे पत्र हाती पडलं त्या दिवशी मी तुमच्या पुतणीला फोन करून हेच सांगितलं. तुमच्यासारख्या पुष्कळजणी हा अंक वाचतील किंवा वाचून घेतील, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

तुम्हाला जे पांढरं जातंय, ते बहुतेक करून जंतूंच्या लागणीमुळे आहे. कोपीवर न्हाणीला आडोसा नाही, पाणी पुरत नाही, पाळीतही मोळ्या उचलून गाडी भरावी लागते, कापड धुवून उन्हात वाळवायला जागा नाही. अशात लागण होणारच. कोणती लागण आहे ते बघून औषध दिलं तर बहुतेकींना आठ-दहा दिवसांत आराम पडतो. काही लागणींत नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर ती फिरून येते. कंबरदुखीचं कारण तर मोळीतच शोधायला हवं. पिशवी काढल्याने कंबर थांबलेली मी पाहिलेली नाही.

‘तोंडाला जखम’ म्हणतात ती बहुतेक वेळा जखम नसतेच. तरुण वयात पिशवीच्या आतलं लालसर अस्तर तोंडाबाहेर थोडं डोकावतं आणि ते लाल दिसतं. तो आजार नाही. ‘सूज’ या शब्दाचाही कॅन्सरशी संबंध लावू नका. कॅन्सरच्या आधीचे बदल सोनोग्राफीत दिसतच नाहीत. ते पाहायचे तर पिशवीचं तोंड डोळ्यांनी बघावं लागतं, तिथलं पाणी तपासायला पाठवावं लागतं, संशय आला तर बारीक तुकडा काढावा लागतो. तुम्हाला कॅन्सरची भीती घालणाऱ्यांना एकच विचारा : यातलं काय केलं, आणि त्याचा कागद कुठे आहे? कागद नसेल तर त्या भीतीला आधार नाही.

समजा तपासणीत कॅन्सरआधीचा बदल निघालाच, तरी पिशवी काढायची गरज सहसा पडत नाही. तोंडावरचा तेवढाच भाग गोठवून किंवा तापवून नष्ट करतात, किंवा विजेच्या बारीक तारेने कापून घेतात. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. धडधाकट पिशवी काढून टाकणं याला कॅन्सर टाळणं म्हणत नाहीत. पिशवीबरोबर अंडाशयही काढली तर तिशीच्या आतच पाळी जाते, अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात, आणि त्याच हाडांनी पुढे वीस वर्षं कोयता चालवायचा असतो.

तुमच्या जिल्ह्यात हे इतकं झालं की २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असा नियम खासगी दवाखान्यांना लागला. तुमच्यासाठी ती परवानगी मागितली आहे का, हेही विचारून घ्या.

अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुम्हाला जवळ आहे. स्त्रीरोग विभागात केसपेपर काढा, पांढऱ्या पाण्याची तक्रार सांगा आणि ‘पिशवीचं तोंडही तपासा’ असं स्वतःहून म्हणा. ही तपासणी एरवी तिशीपासून करतात, पण तुम्हाला तक्रार आहे, तेव्हा आत्ताच बघून घेतलेलं बरं. जुने कागद आणि सोनोग्राफी बरोबर न्या. टोळी निघायच्या आत हे सगळं होतं.

प्रश्न : एचपीव्ही टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्यात ‘१६, १८ नाही, इतर प्रकार’ असं लिहिलंय. पॅप (तोंडावरच्या पेशींची तपासणी) नॉर्मल आहे. वय ४१, लग्नाला अठरा वर्षं झाली. माझ्या आयुष्यात नवऱ्याशिवाय कोणी नाही. मग हे आलं कुठून? घरात बोलणंच बंद झालंय.
— नाशिक

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुमची काळजी आजाराहून घराची जास्त आहे, म्हणून आधी घराचं बोलते.

हा विषाणू इतका सर्वत्र आहे की संबंध आलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी लागतो. बहुतेकांच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत निघून जातो, कळतही नाही. काहींच्या अंगात मात्र तो वर्षानुवर्षं मुकाट पडून राहतो आणि चाळिशीत एखाद्या तपासणीत दिसतो. तो कधी लागला हे या रिपोर्टवरून कुणालाही सांगता येत नाही. नवऱ्याला लग्नाआधी लागलेला असू शकतो आणि त्याला स्वतःला त्याचा पत्ता नसेल. तेव्हा या कागदावरून तुमच्यावर ठपका येत नाही, आणि त्यांच्यावरही येत नाही. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे दोघं मिळून जा आणि हेच त्यांच्या तोंडून ऐका. पुरुषांसाठी अशी नेहमीची तपासणी नाही, ती कुठे होते हे शोधत बसू नका.

आता आजाराचं. १६ किंवा १८ असता तर मी तुम्हाला आत्ताच कॉल्पोस्कोपीला पाठवलं असतं, म्हणजे दुर्बिणीतून तोंडाची बारकाईने पाहणी. तुमचा प्रकार दुसरा आहे आणि पॅप नॉर्मल आहे. तुम्ही बारा महिन्यांनी पुन्हा टेस्ट करायची. तेव्हाही पॉझिटिव्ह राहिली तर कॉल्पोस्कोपी. हे वर्ष विसरू नका, तारीख आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवा. विषाणू मारणाऱ्या गोळ्या नाहीत, कुणी विकत असेल तर घेऊ नका. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, तुम्ही मशेरी लावत असाल, तर ते बंद करा. तंबाखूने शरीराची या विषाणूशी लढायची ताकद कमी होते. एचआयव्हीसारख्या आजाराने प्रतिकारशक्ती घटलेली असेल तर गणित बदलतं. अशा बायकांनी पंचविशीपासून आणि जास्त वेळा तपासणी करून घ्यायची.

प्रश्न : मी लीड्सला असते. इथे पंचविशीला तपासणीचं पत्र घरी आलं, मी करून घेतली. आई साताऱ्याला, वय ५८. तिने कधीच केलेली नाही. परवा फोनवर सहज म्हणाली, ‘पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती, आता मधूनच थोडं लाल दिसतंय, पाळी परत आली वाटतं.’ तिला पॅप करून घ्यायला सांगू का?

पॅपपुरतं सांगू नका. आईला याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवा.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर ती परत येत नसते. लाल दिसलं, थेंबभर का असेना, की कारण शोधावंच लागतं. बहुतेकवेळा कारण साधं निघतं, कातडी सुकलेली असते किंवा बारीक कोंब असतो. पण पिशवीच्या तोंडाचा आणि तिच्या अस्तराचा, दोन्ही कॅन्सर याच खुणेने पुढे येतात. डॉक्टरांनी आतून तपासून तोंड बघायला हवं, अस्तराची जाडी सोनोग्राफीत मोजायला हवी, आणि तोंडावर गाठ किंवा व्रण दिसला तर पॅपच्या रिपोर्टची वाट न बघता तुकडा तपासायला पाठवायला हवा. पॅप ही तक्रार नसलेल्या बाईची आधीच करायची तपासणी. तुमच्या आईला आता निदानाची गरज आहे. संबंधानंतर रक्त दिसणं आणि घाण वासाचं, रक्ताळलेलं पाणी जाणं यांनाही हेच लागू. आई एकटी जायला कचरत असेल तर मावशीला, शेजारणीला फोन करून बरोबर जायला सांगा.

प्रश्न : मी आशा आहे. आमच्या उपकेंद्रावर तीस वर्षांवरच्या बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी असते. घरोघर सांगते, पण बाया येत नाहीत. ‘मला काय झालंय?’ म्हणतात. लाजतात, भितात. कसं सांगू?
— परांडा तालुका, जि. धाराशिव

ताई, तुम्ही ज्या मातीत हे काम करता, तिथल्या बायकांनी सगळ्या जगाला या आजाराबद्दल शिकवलंय. १९९९ नंतर तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, ५२ गावगटांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका एका अभ्यासात होत्या. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. ज्या गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, त्यात या कॅन्सरने ३४ बायका दगावल्या. तपासणी न झालेल्या गटात ६४. २००९ साली हे छापून आल्यावर जगभर धोरणं बदलली. ज्यांना तपासणी दिली नाही त्यांच्यावर अन्याय झाला अशी टीकाही झाली, आणि मला ती पटते. त्या बायका तुमच्या गावच्या सासवा-चुलत्या असतील. ‘आपल्या भागात एका तपासणीने निम्मी मरणं टळली’ हे वाक्य तुम्ही ठामपणे म्हणू शकता.

मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्याच लोकांनी व्हिनेगर लावून तोंड बघायची तपासणी दर दोन वर्षांनी केली, दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांना शिकवून. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मोठा डॉक्टर नसला तरी नीट शिकवलेली बाई हे काम करू शकते, हे त्यातून सिद्ध झालं.

‘मला काय झालंय?’ याला उत्तर एकच : काही झालेलं नाही तेव्हाच यायचं. त्रास सुरू झाला की ती टाटाची किंवा बार्शीची रुग्ण होते, तुमच्या उपकेंद्राची राहत नाही.

भीतीचं म्हणाल, तर आत काय होतं ते आधीच सांगा. नुसतं ‘या, काही नाही होत’ म्हटल्याने भीती वाढते. साडी सोडावी लागत नाही, परकरासह वर घ्यायची. टेबलावर आडवं होऊन गुडघे दुमडायचे. एक पोलादी यंत्र आत घालतात, त्याने दाब जाणवतो, दुखत नाही. थंडीत ते कोमट पाण्यात धरून घ्यायला तुमच्या सिस्टरना सांगा, तेवढ्याने बाईचं अंग सैल पडतं. दिव्याच्या उजेडात तोंड बघतात. लांब चिमट्यात कापसाचा बोळा, तो पाच टक्क्यांच्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून तोंडावर टेकवतात, थोडं चुरचुरतं. मग एक मिनिट थांबायचं. बदललेल्या पेशी असतील तर तिथे पांढरा, काठ स्पष्ट असलेला डाग उमटतो. नसेल तर तोंड गुलाबीच राहतं, आणि पाच वर्षांनी यायचं. पाळी चालू असताना येऊ नये, आदल्या रात्री संबंध नकोत, आतून औषध लावू नये. पन्नाशीच्या पुढे, पाळी गेलेल्या बायकांत बदलाची जागा आत सरकते, तेव्हा त्यांना एचपीव्ही तपासणीसाठी पाठवलेलं जास्त चांगलं. तो नमुना बाई स्वतःही घेऊ शकते, हे लाजणाऱ्या बायकांना सांगा.

लाजेवर उपाय माणसांनी करायचा असतो. दाराला कडी आहे का, खिडकीला पडदा आहे का, त्या वेळी आत पुरुष कर्मचारी येतात का, हे तुम्ही आदल्या दिवशी बघा. खुरपणी-काढणीच्या दिवसांत बोलावू नका. एकेकीला न नेता पाच-सहाजणींना मिळून न्या, आणि त्यांत एक तरी सासू असू द्या. सासूने करून घेतलं की सून आपोआप येते. तुमचं वय तिशीपुढे असेल तर सगळ्यांत आधी तुम्ही झोपा त्या टेबलावर.

सगळ्यात जास्त जपायचं ते डाग निघालेल्या बायकांना. ‘डाग आहे’ ऐकताच बाई कॅन्सर झाला समजून घरी बसते, किंवा नवरा ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणतो, आणि तो महिना वर्षभर लांबतो. डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, हे तिला तिथेच, टेबलावरून उतरायच्या आत सांगायला लावा. ग्रामीण रुग्णालयात तिची तारीख कोणती, बस किती वाजता, बरोबर कोण, हे तुमच्या वहीत लिहा. त्या दिवशी शक्यतो तुम्हीच तिच्यासोबत जा.